अंबरातील नेच्याचे जीवाश्म कसे पाहावेत

अंबर म्हणजे झाडाच्या राळेचा जीवाश्म. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात तो शोधत फिरण्यात अर्थ नाही. आपल्याकडचा काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे आणि गोकाकचा धबधबा ज्या वालुकाश्मावरून कोसळतो, तो जमिनीवर वनस्पती येण्याच्या कितीतरी आधीचा आहे. भारतातील महत्त्वाचा अंबर सुरत जिल्ह्यातील वस्तान व तडकेश्वर येथील लिग्नाइटच्या (तपकिरी कोळशाच्या) खाणींत सापडला आहे आणि तो ५ कोटी वर्षांहून जुना आहे. नेच्यांसाठी (फर्नसाठी) मात्र म्यानमारच्या काचिन प्रांतातील सुमारे ९.९ कोटी वर्षांपूर्वीचा अंबर अधिक प्रसिद्ध आहे.

डोळा तयार करण्याचे काम मात्र आपल्याच रानात होते, आणि माझ्या मते तीच खरी पहिली पायरी आहे. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीच्या वाटेवर दरडीला उगवलेल्या नेच्याचे पान उलटून दहापट भिंगाखाली पाहावे. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत काहीही तोडू नये. पानामागचे तपकिरी ठिपके म्हणजे बीजाणुधानींचे, म्हणजे बीजाणू तयार होणाऱ्या इवल्या पिशव्यांचे, पुंज होत. प्रत्येक बीजाणुधानीच्या पाठीवरून जाड पेशींचे एक वलय गेलेले असते. त्या पेशींतील पाणी उडाले की वलय मागे ताणले जाते आणि एकाएकी झटक्याने परत येऊन बीजाणू दूर भिरकावते. पक्व पान उन्हात धरून भिंगातून पाहिल्यास ही हालचाल दिसू शकते. हेच वलय अंबरातही टिकून राहते आणि नेच्याचा गट ठरविताना ते फार उपयोगी पडते.

अंबराचा तुकडा हाती आल्यावर तो मिठाच्या संपृक्त पाण्यात सोडावा. काच आणि बेकेलाइट (एक जुने, कठीण प्लास्टिक) बुडतात, अंबर तरंगतो. परंतु काही प्रकारचे प्लास्टिक आणि कोपल ही कोवळी राळही तरंगते, म्हणून नेच्यापासून दूरच्या कोपऱ्यावर अ‍ॅसिटोनचा एक थेंब टाकून पाहावा. कोपल चिकट होते, अंबर सहसा होत नाही. तापवलेल्या सुईची चाचणी जीवाश्म असलेल्या तुकड्यावर मुळीच करू नये.

निरीक्षणासाठी पृष्ठभागावर ग्लिसरीनचा थेंब ठेवून त्यावर पातळ काचपट्टी बसवावी, म्हणजे ओरखड्यांमुळे होणारी प्रकाशाची विकृती बरीच कमी होते. प्रकाश आधी खालून व नंतर बाजूने द्यावा. पर्णिकेच्या (पानाच्या लहान भागाच्या) शिरा कोठे फुटतात, त्या कडेपर्यंत पोहोचतात का, पुंजांवर पातळ आवरण आहे का, वलय देठापाशी तुटते का, याचे आधी रेखाटन करावे आणि नंतर छायाचित्र घ्यावे. बारीक पानांचे शेवाळ पुष्कळदा नेच्यासारखे भासते, मात्र त्याच्या पानात फाटे फुटणाऱ्या शिरा नसतात. पुंज नसलेल्या तुकड्याला प्रजातीचे नाव देण्याचा मोह टाळून केवळ ‘नेचा, अनिश्चित’ अशी नोंद करावी.

काचिनमधील खाणींचा सशस्त्र संघर्षाशी संबंध असल्याने तेथील तुकडा केव्हा व कोणत्या मार्गाने बाहेर आला, याची कागदोपत्री खात्री झाल्याशिवाय तो विकत घेऊ नये.