सोयातली अंडी बिघडतात ती मुरायच्या आधीच: या चुका टाळा

पहिल्या खेपेला मी सहा अंडी उकडली, सोलली, नूडल्ससाठी आणलेल्या डार्क सोया सॉसमध्ये बुडवली आणि दोन दिवस फ्रीजमध्ये विसरले. बाहेर काढली तेव्हा रंग थेट जांभळाचा. सुरी लावली तर पांढरा भाग खोडरबरासारखा उलटा रेटत होता. आत बलक कोरडा, त्याला हिरवट कडा, आणि खारटपणा असा की एका अंड्याला दोन वाट्या भात लागला. मी सरळ बाटलीला दोष दिला. नंतर बऱ्याच वेळा करून पाहिल्यावर लक्षात आलं, की बाटलीचा हात त्यात होता, पण थोडाच. बाकी सगळा घोळ सोया सॉसचं झाकण उघडायच्या आधीच होऊन गेला होता.

आधी आपण नेमकं काय करतोय ते सांगते, कारण निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो. जपानमध्ये रामेनच्या (नूडल्स घातलेल्या गरम सूपच्या) वाडग्यात अर्धं कापलेलं, तपकिरी कडेचं, मधासारख्या बलकाचं जे अंडं असतं ते आजित्सुके तामागो. लाडाने आजितामा. (आजीचा इथे काही संबंध नाही. 'आजी' म्हणजे चव, 'तामागो' म्हणजे अंडं.) कोरियात असंच अंडं लसूण, मिरची, कांद्याची पात आणि तीळ घालून मुरवतात. त्याला म्हणतात मायाक ग्येरान, म्हणजे नशेची अंडी. एक खाल्लं की थांबवत नाही म्हणून हे नाव. चीन-तैवानची चहातली अंडी मात्र वेगळी. तिथे टरफल तडकवून अंडी सोया, चहा आणि चक्रीफुलाच्या पाण्यात बराच वेळ मंद शिजवतात. बलक घट्टच होतो, कारण तो तसाच हवा असतो. या दोन्ही कृतींची सरमिसळ करून कुणी आजितामा सोयाच्या पाण्यात उकळायला ठेवला, तर मऊ बलक विसरा.

मिनिटं तिकडची, अंडी इकडची

सगळ्यात जास्त अंडी इथे वाया जातात. परदेशी कृतीत 'साडेसहा मिनिटं' किंवा 'सात मिनिटं' लिहिलेलं असतं आणि आपण ते वेदवाक्य मानतो. पण जपानमध्ये एम आकाराचं अंडं 58 ते 64 ग्रॅमचं आणि एल आकाराचं 64 ते 70 ग्रॅमचं. आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातलं पांढरं अंडं वजनकाट्यावर ठेवून बघा, बहुतेक वेळा पन्नाशीच्या आसपास भरतं. गावठी अंडं तर त्याहूनही लहान. त्यांचे सात मिनिटांचे अंडे आपल्याकडे पिठूळ होते ते यामुळे.

दुसरी भानगड तापमानाची. फ्रीजमधलं अंडं चार-पाच अंशांवर असतं, ओट्यावरच्या टोपलीतलं उन्हाळ्यात तीस अंशांवर. उकळत्या पाण्यात पडल्यावर या दोघांच्या शिजण्यात मिनिटभराचा किंवा थोडा जास्तच फरक पडतो. म्हणून एकच सवय लावून घ्या: अंडी नेहमी फ्रीजमधूनच काढायची. मग ऋतू कोणताही असो, वेळ बदलत नाही.

पाण्याचंही तसंच. मुंबईत पाणी शंभर अंशांना उकळतं, पुण्यात समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर साधारण अठ्ठ्याण्णवला, आणि महाबळेश्वरला पंच्याण्णव-शहाण्णवला. पुण्या-मुंबईतला फरक काही सेकंदांचा, पण महाबळेश्वरच्या भाड्याच्या बंगल्यात हा प्रयोग करणार असाल तर अर्धं-पाऊण मिनिट वाढवा.

हे इतकं चोख का लागतं? पांढरा भाग साठ अंशांच्या पुढे गोठायला लागतो, पण सोलता येईल इतका टणक व्हायला त्याला ऐंशीच्या आसपास जावं लागतं. बलक मात्र पासष्टला दाटतो आणि सत्तरला बसतो. म्हणजे बाहेरच्याला भरपूर आच हवी आणि ती आत पोचायच्या आत थांबवायला हवी. ही फट फार अरुंद आहे. कुकरच्या शिट्ट्यांवर ती सापडत नाही. गार पाण्यात अंडी ठेवून गॅस लावला तरी नाही, कारण पाणी तापायला किती वेळ लागणार हे पातेल्यावर आणि गॅसवर अवलंबून.

तेव्हा पातेल्यात अंड्यांच्या वर चांगलं तीन बोटं पाणी घ्या, खळखळून आधण येऊ द्या, मग झाऱ्यावर ठेवून एकेक अंडं खाली सोडा. लहानशा पातेल्यात एकदम दहा गार अंडी टाकली तर आधण बसतं आणि घड्याळ खोटं बोलायला लागतं. सहा अंड्यांना दोन लिटर पाणी बरं. पहिली दोन मिनिटं पळी हळूहळू गोल फिरवत राहिलात तर बलक मधोमध बसतो, नाहीतर एका कडेला सरकतो आणि कापताना तिथेच फुटतो. आमच्या पुण्याच्या घरात, फ्रीजमधल्या पन्नास ग्रॅमच्या अंड्याला मी सहा मिनिटांवर स्थिरावले आहे. तुमचा आकडा तुम्हालाच काढावा लागेल: पहिल्या वेळी एक अंडं जास्तीचं घ्या, सहा मिनिटांना ते काढून कापून बघा, त्यानंतर बाकीच्यांचं ठरवा. कापाकापी करताना भांड्यातली अंडी शिजत राहणारच, म्हणून चाचणीचं अंडं बाकीच्यांच्या आधी एकटंच उकडलेलं उत्तम.

आणि बर्फ. गॅस बंद केला म्हणून अंडं शिजायचं थांबत नाही, आतली उष्णता आपलं काम करत राहते. 'नळाखाली धरा' हे थंडीत ठीक, पण मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी आंघोळीला पुरेल इतकं तापलेलं असतं. एका भांड्यात पाणी आणि दोन ट्रे बर्फ, त्यात दहा मिनिटं. बलकाभोवती हिरवट-करडी कड आली असेल तर अंडं जास्त शिजलं असं समजा. पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह यांच्या संयोगाने ती येते. खायला अपाय काही नाही, दिसतं मात्र आजारी.

सोलताना खळगे पडतात

'अंडी अगदी ताजी आणली होती हो, तरी साल निघेना!' ताजी होती म्हणूनच निघेना. नुकत्या घातलेल्या अंड्याचा पांढरा भाग आतल्या पापुद्र्याला घट्ट धरून ठेवतो. दिवस जातात तसा टरफलाच्या सूक्ष्म छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, पांढरा भाग जास्त अल्कधर्मी होतो आणि पकड सुटते. गावाहून सकाळी आलेली गावठी अंडी आम्लेटला ठेवा. यासाठी आठ-दहा दिवस फ्रीजमध्ये राहिलेली साधी अंडीच बरी. सरळ आधणात टाकलेलं अंडंही जास्त सहज सोललं जातं. पाण्यात मीठ, व्हिनेगर, सोडा घालण्याचे सल्ले खूप मिळतात. मला त्यांचा फारसा उपयोग जाणवला नाही, फक्त एखादं अंडं तडकलं तर मीठ-व्हिनेगरामुळे गळती चटकन गोठते एवढंच.

तडकू नये म्हणून अंड्याच्या बोथट टोकाला टाचणीने बारीक भोक पाडतात. तिथे हवेची पोकळी असते आणि तापल्यावर फुगलेल्या हवेला वाट मिळते. जपानमध्ये यासाठी छोटं खास हत्यार मिळतं. आपल्याकडे शिवणाच्या डब्यातली टाचणी गरम पाण्यात बुचकळून घेतली की भागतं.

सहा मिनिटांचं अंडं नेहमीच्या उकडलेल्या अंड्यासारखं ओट्यावर दाबून घोळवायचं नाही, ते आत पाण्याच्या फुग्यासारखं लिबलिबीत असतं. चमच्याच्या पाठीने सगळीकडे हलके टकटक करा, बोथट टोकाकडून सुरुवात करा, आणि पाण्याच्या भांड्यात बुडवूनच सोला. पाणी पापुद्र्याखाली शिरतं आणि साल तुकड्यातुकड्यांनी न येता पट्टीसारखी सुटते. एखाद्याला बलकापर्यंत चीर गेलीच तर ते मुरवायला घालू नका. सोया थेट आत शिरतो, बलक पाण्यात उतरतो आणि बाकीच्यांचं पाणीही गढूळ होतं. मीठ-मिरपूड घालून ते उभ्या उभ्या खाऊन टाकावं. स्वयंपाक करणाऱ्याचा तेवढा हक्क आहेच.

आता बाटली

जपानी शोयू, म्हणजे तिकडचा सोया सॉस, सोयाबीन, गहू, मीठ आणि पाणी कोजी बुरशीच्या मदतीने महिनोन्महिने आंबवून करतात. त्यात सोळा टक्क्यांच्या आसपास मीठ असतं, पण सोबत गोडवा आणि वासही असतो. आपल्याकडच्या बऱ्याच डार्क सोया सॉसमध्ये रंग येतो तो कॅरामलमुळे. मंच्युरियनला तो शोभतो, पण अंड्याला रात्रभर त्यात ठेवलं तर वरून काळं आणि चवीला कडवट होतं. लेबलवर 'नॅचरली ब्रूड' असेल आणि घटकांची यादी छोटी असेल ती बाटली घ्या. 'लाइट' म्हणजे कमी मिठाचा असंही समजू नका. फिक्या रंगाचा जपानी उसुकुची शोयू नेहमीच्या शोयूपेक्षा खारट असतो. गव्हाचं वावडं असणाऱ्यांनी लेबल दोनदा वाचावं.

सॉस नुसता कधीच वापरायचा नाही. सहा अंड्यांना मी 100 मिली शोयू, 100 मिली मिरिन आणि 200 मिली पाणी घेते. मिरिन म्हणजे तांदळाची गोड, स्वयंपाकातली दारू. ती एकदा उकळून तिचा उग्रपणा घालवायचा. मिरिन महाग पडते आणि सगळीकडे मिळतही नाही, तेव्हा 100 मिली शोयूला 250 मिली पाणी आणि तीन मोठे चमचे साखर, आल्याचा ठेचलेला तुकडा. गूळ घालून पाहिला. वाईट नाही, पण अंडं थोडं चिंच-गुळाच्या आमटीच्या वाटेला जातं. व्हिनेगर घातलाच तर चमचाभरच.

हे मिश्रण उकळून पूर्ण गार होईपर्यंत थांबणं मलाही जड जातं. पण कोमट पाणी ओतलं की एवढ्या कष्टाने थांबवलेला बलक पुन्हा शिजायला लागतो. सकाळी चहाबरोबर उकळून ठेवा, संध्याकाळी अंडी घाला.

हे लोणचं नव्हे

'मुरवलेलं' म्हटलं की आपल्या डोक्यात कैरीचं लोणचं येतं: जितकं जुनं तितकं चांगलं, आणि फडताळात बाहेर. इथे दोन्ही उलटं. चार तासांत कडेला फिका बदामी रंग येतो आणि चव वरवरची राहते. आठ ते बारा तासांत रंग तपकिरी, चव आतपर्यंत, बलक दाट मधासारखा. रात्री घालून दुसऱ्या दिवशी दुपारी खाणं मला सगळ्यात आवडतं. चोवीस तासांपर्यंत मीठ बलकातलं पाणी ओढून घेतं, तो गोळा धरतो. काहींना तोच आवडतो. त्यापुढे पांढरा भाग चिवट आणि चव खारट, म्हणून चोवीस तासांनंतर अंडी पाण्याबाहेर काढून कोरड्या डब्यात ठेवा.

सोयाच्या पाण्यात अंडी तरंगतात, त्यामुळे वरची टिकली पांढरीच राहते आणि अंडं गाईच्या पाठीसारखं ठिपकेदार दिसतं. एक टिश्यू पेपर किंवा मलमलचं फडकं सोयाच्या त्याच पाण्यात भिजवून वर पसरलं की तेही चोखत राहतं आणि अंड्याची पाठ ओली राहते. झिपलॉक पिशवीत हवा काढून बंद केलं तर कमी पाण्यात काम होतं, फक्त पिशवी वाटीत उभी ठेवा. फ्रीजमध्ये गळलेला सोया पुसायचा अनुभव एकदाच पुरतो.

मुरवणं फ्रीजमध्येच, ओट्यावर नाही. जपानमध्ये अंड्यांवरची तारीख ती कच्ची खाण्याच्या हिशोबाने छापलेली असते. आपल्याकडे अशी व्यवस्था नाही आणि मिठाच्या पाण्यात ठेवल्याने अर्धकच्च्या बलकातले जंतू मरत नाहीत. 2021 च्या जानेवारीत बर्ड फ्लूची साथ होती तेव्हा एफएसएसएआयने (देशातल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) अर्धकच्ची अंडी खाऊ नका असं स्पष्ट सांगितलं होतं. घरात गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस किंवा आजारी कुणी असेल तर त्यांची अंडी दहा मिनिटं उकडा. सासूबाईंसाठी मी तशीच करते, आणि डब्यात ओळखू यावीत म्हणून त्यांच्या अंड्यांना वरून मिरी टोचून ठेवते. मऊ बलकाची अंडी तीन दिवसांत संपवायची. फ्रीजरमध्ये टाकू नका, पांढरा भाग पाणी सोडून वातड होतो.

आणि मायक्रोवेव्ह नकोच. मी एकदा वीस सेकंदच ठेवलं होतं. आत काही झालं नाही. बाहेर काढून चमचा टेकवला आणि बलक फाडकन फुटून चष्म्यावर आला. चष्मा होता म्हणून बरं. गार अंडं कोमट करायचं तर पिशवीत घालून गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवा, किंवा गरम वाफाळत्या भातावर नुसतं ठेवून द्या. कापायला सुरी घेऊ नका, बलक पात्याला चिकटून जातो. शिवणाचा दोरा अंड्याभोवती गुंडाळून दोन्ही टोकं ओढा, दोन स्वच्छ अर्धी निघतात.

उरलेल्या पाण्यात अंड्याचं पाणी उतरलेलं असतं, त्यामुळे ते पातळ झालेलं असतं आणि कच्चंही. त्यात पुन्हा अंडी घालू नका. खळखळून उकळा आणि त्याच दिवशी परतलेल्या मशरूमवर, नाहीतर फ्राइड राइसमध्ये मिठाऐवजी वापरा.