जड वजन की जास्त सेट? अंग भरत नसेल तर आधी या चुका शोधा

सोमवारी संध्याकाळी जिममध्ये बेंच प्रेससमोर (बाकावर आडवं पडून छातीवरून बार ढकलायचा तो) रांग लागते आणि रांगेत हा विषय हमखास निघतो. एक म्हणतो, पाच रेप्समध्ये, म्हणजे पाच वेळा उचलून, दम निघेल एवढं वजन लावल्याशिवाय छाती येत नाही. दुसरा म्हणतो, हलकं लाव, पण सेट (न थांबता काढलेल्या रेप्सची एक फेरी) वाढव. दोघंही मनापासून घाम गाळतात आणि वर्षभरानं दंडाला टेप लावली तर माप तेवढंच भरतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

२०१२ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात नवख्या तरुणांच्या मांड्यांवर हे तपासून पाहिलं गेलं. एकदाच जेमतेम उचलता येईल अशा वजनाच्या ८० टक्के वजन काही पायांच्या वाट्याला आलं, काहींच्या वाट्याला फक्त ३० टक्के. सेट तीनच, पण प्रत्येक सेट पाय हलेनासा होईपर्यंत. १० आठवड्यांनी स्नायू दोन्हीकडे जवळपास सारखाच वाढला होता. ताकद मात्र जड वजनानं जास्त वाढली. म्हणजे ५ रेप्स असोत की २५, स्नायू वाढू शकतो. अट एवढीच की सेट संपताना अंगात एकदोन रेप्सच शिल्लक असाव्यात.

वजन वाढतं, हालचाल आखडते

जड उचलणाऱ्यांची ही सगळ्यात मोठी चूक. बार छातीवर आपटून उसळवायचा, स्क्वॉटमध्ये गुडघे जरासे वाकवून वर यायचं, कर्ल करताना कमरेनं झटका द्यायचा. बारवर २० किलो वाढले, पण स्नायूला त्यातलं काही मिळालं नाही. तपासायचं कसं? मोबाइलवर बाजूनं व्हिडिओ काढा. महिन्यापूर्वीपेक्षा बार कमी खाली जात असेल तर वजन १०-१५ टक्क्यांनी उतरवा आणि खाली आणताना दोन सेकंद घ्या.

सेट खूप, पण कष्टाचा एकही नाही

जास्त सेट मारणाऱ्यांची चूक दिसत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं चालते. माझं स्वतःचं दोन वर्षं असंच चाललं होतं. तक्त्यात १२ लिहिलेत म्हणून १२ व्या रेपला थांबायचं. एक दिवस लॅट पुलडाऊनचा (पाठीसाठी बार वरून खाली खेचायचं मशीन) शेवटचा सेट मोजणं सोडून, खेचता येईना तोवर केला, तर १९ निघाले. म्हणजे त्याआधीचे सगळे सेट वॉर्मअपच होते! ही चाचणी तुम्हीही करा, पण मशीनवर किंवा कर्लसारख्या व्यायामावर. जोडीला स्पॉटर, म्हणजे बार अडकला तर उचलायला डोक्याशी उभा राहणारा, नसेल तर बेंच प्रेसवर अजिबात नको.

आपल्याकडच्या तालमीत जोर-बैठका शेकड्यांनी काढतात. कुस्तीला लागणारा दमसास त्यातून येतो आणि त्या कष्टाबद्दल मला आदर आहे. पण सलग २०० बैठका निघायला लागल्या की मांडी भरण्यासाठी तो भार फार हलका झालेला असतो. सेट ३० रेप्सच्या पुढे जात असेल तर वजन वाढवा.

मोजणी चुकते

एका स्नायूला आठवड्याला कष्टाचे साधारण १० ते २० सेट पुरतात. सुरुवात १० पासूनच करा. बेंच, इन्क्लाइन, डिप्स, फ्लाय हे सगळे छातीच्याच खात्यात जातात, हे लक्षात ठेवा. सोमवारी एकाच दिवशी २० सेट मारले तर शेवटचे सात-आठ थकलेल्या अंगानं उरकले जातात. तेच सेट सोमवार-गुरुवार असे वाटले की प्रत्येकात जोर राहतो. दोन सेटमध्ये मिनिटभरच थांबायची घाईही नको. मोठ्या व्यायामांत दोन-तीन मिनिटं घ्या.

वही नाही

१९४० च्या दशकात शिकागोच्या गार्डिनर लष्करी रुग्णालयात डॉ. थॉमस डेलॉर्म यांनी जखमी सैनिकांचे पाय टप्प्याटप्प्यानं वजन वाढवत सुधारले. सुरुवातीला ते १० रेप्सचे सात ते दहा सेट करून घेत. पुढे १९४८ मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी डॉ. वॉटकिन्स यांनी ते तीन सेटवर आणले: दहा रेप्स जमतील अशा वजनाच्या अर्ध्यावर पहिला, पाऊणवर दुसरा, पूर्ण वजनावर तिसरा. सेट घटले, पण वजन वाढवत नेण्याचं तत्त्व तसंच राहिलं. मागच्या आठवड्यात किती मारलं ते वहीत नसेल आणि आठवतही नसेल, तर या आठवड्यात पुढे काय नेणार?

खाणं

थोडक्यात सांगतो. दर किलो वजनामागे रोज साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन हवं. ६५ किलोच्या माणसाला १०४ ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅमच्या आसपास असतं, ५० ग्रॅम सुक्या सोया चंक्समध्ये २५ च्या आसपास. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी एवढ्यावर हे भागत नाही.

मग लावायचं काय?

माझं मत सांगतो. स्क्वॉट, बेंच, रो (वाकून बार पोटाकडे ओढणं) यांना ५ ते ८ रेप्सचं जड वजन. कर्ल, साइड रेज (हात बाजूला उचलणं), लेग एक्स्टेन्शन (बसून पाय सरळ करणं) यांना १२ ते २०. कोपर किंवा खांदा कुरकुरत असेल तर जड सेट बंद करून त्याच व्यायामाचे १५-२० रेप्स करून पाहा. मुंग्या येत असतील किंवा कळ हातापायात उतरत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

बदल एका वेळी एकच करा आणि तो आठ आठवडे टिकवा. सगळ्या सेटना ठरलेले रेप्स पूर्ण निघाले की दोन्ही बाजूंना सव्वा किलोची एकेक प्लेट चढवा आणि वहीत तारीख टाका.