कंबर कोणाची? आपत्तिविज्ञानात नव्याने येणाऱ्यांसाठी

भूकंपलहरी आणि चक्रीवादळे यांच्या ओढीने बहुतेक विद्यार्थी आपत्तिविज्ञानाकडे वळतात. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात भूगोल शिकताना मीही तशीच वळले. खरा अभ्यास मात्र घटनेच्या जोरापेक्षा तिच्या वाटेत काय उभे होते, याचा असतो. 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप 6.2 तीव्रतेचा होता. जगाच्या मानाने तो फार मोठा नव्हे, परंतु मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती पहाटे झोपेतल्या माणसांवर कोसळल्या आणि हजारो जीव गेले. 26 जानेवारी 2001 च्या कच्छ भूकंपात तर केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती पडल्या. त्यांतील कित्येकींचा तळमजला वाहनांसाठी नुसत्या खांबांवर मोकळा सोडलेला होता.

सरावासाठी आपल्याकडे विश्वामित्री आहे. पावागढच्या डोंगरातून येणारी ही नदी बडोदा शहराच्या मधून वाहते. कालाघोडा पुलापाशी तिची धोक्याची पातळी 26 फूट धरतात आणि ऑगस्ट 2024 मध्ये ती तिने बरीच ओलांडली. (पुरात नदीतून वस्तीत येणाऱ्या मगरींची बातमी होतेच, आपण घरांकडे पाहावे.) घरात पाणी किती होते, असे विचारले की ‘कमरेइतके’ असे उत्तर मिळते, आणि कंबर कोणाची ते कळत नाही. म्हणून भिंतीवरची गाळाची रेघ शोधावी, तिची उंची जोत्यापासून आणि रस्त्यापासून वेगवेगळी मोजावी, आणि पाणी उंबऱ्यात किती वाजता आले हेही नोंदवावे.

त्यानंतरचा माझा आवडता प्रश्न असा : “काकू, आधी माळ्यावर काय चढवलंत?” एका भाडेकरू काकूंनी सांगितले, “पिठाचा डबा, मग मुलांची सर्टिफिकिटं. शिलाई मशीन दोघांशिवाय उचलत नाही.” घरखर्च त्याच मशीनवर चालत होता, आणि घराचे कागद मालकाच्या नावावर होते. नुकसानीच्या छापील तक्त्यात यासाठी रकाना नसतो. तो आपण आखावा.

भूशास्त्र, स्थापत्य किंवा समाजकार्य यांतूनही या क्षेत्रात येता येते. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आपत्ती-अभ्यासाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. जीआयएस (संगणकावर नकाशे आणि ठिकाणांची माहिती जोडण्याचे तंत्र) आणि संख्याशास्त्र आधीच शिकून ठेवावे. सर्वेक्षण मात्र नवरात्रापूर्वी उरकावे, कारण दिवाळीच्या रंगकामात ती रेघ पुसली जाते.