बर्फ-पाण्याच्या गणितात तापमान उणे आलं तर

उणे १० अंशांचा १०० ग्रॅम बर्फ, २५ अंशांचं २०० ग्रॅम पाणी. अंतिम तापमान किती? सगळा बर्फ वितळला असं धरून थेट समीकरण मांडलं, की उत्तर येतं उणे ११.७. म्हणजे मिश्रण मूळ बर्फाहूनही थंड! आकडेमोड बरोबर असते, गृहीतक चुकलेलं असतं.

मला खात्रीचा वाटलेला उपाय म्हणजे 'टी' (अंतिम तापमान) लिहिण्याआधी उष्णतेचा हिशोब करणं. पाणी ० अंशापर्यंत येताना २०० × २५ = ५००० कॅलरी देतं. बर्फाला ० अंशापर्यंत यायला १०० × ०.५ × १० = ५०० लागतात (१ ग्रॅम बर्फ १ अंशाने तापायला ०.५ कॅलरी लागते, पाण्याला १; इथेही १ घेणारे पुष्कळ), आणि पूर्ण वितळायला आणखी १०० × ८० = ८००० (१ ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी). उरलेल्या ४५०० कॅलरींत ४५०० ÷ ८० = ५६.२५ ग्रॅमच वितळतो. अंतिम तापमान ० अंश, बर्फ शिल्लक ४३.७५ ग्रॅम.

पाण्याची उष्णता त्या पहिल्या ५०० लाही पुरली नाही, तर उलटं तपासा: थोडं पाणीच गोठत असेल. एकक ज्यूल असेल तर ८० च्या जागी ३३४ आणि १ च्या जागी ४.१८, दोन्ही एकदमच बदला, बर्फाच्या ०.५ चे २.१ होतात.