सायकलवरून पेठा: पुण्यात ट्रेझर हंट कशी लावायची

गेली काही वर्षं आम्ही सोसायटीतली आणि ऑफिसातली मिळून पंधरा-वीस जणं हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी पेठांमध्ये सायकलवर ट्रेझर हंट करतो, आणि फोटो टाकले की दरवेळी कुणीतरी विचारतंच की हे जमवता कसं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

आधी थीम ठरवा. नुसतं शनिवारवाडा, लाल महाल, विश्रामबागवाडा असं केलंत तर ती शाळेची सहल होते. आम्ही धरतो ती देवांची नावं, कारण पुण्यासारखी देवांची नावं दुसरीकडे कुठे ऐकली नाहीत मी. बटाट्या मारुती, जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा, उपाशी विठोबा, खुन्या मुरलीधर, गुपचूप गणपती. ह्यातल्या प्रत्येक नावामागे त्या जागी पूर्वी काय होतं, काय विकलं जायचं, काय घडलं ते दडलेलं आहे, म्हणजे नाव सोडवलं की जुनं पुणं आपोआप उलगडतं. आणि निम्मी नावं तर खाण्याचीच आहेत!

आता क्लू. माझा एकच नियम आहे, उत्तर मोबाईलवर मिळता कामा नये, त्यासाठी सायकलवरून उतरून बघावं लागलं पाहिजे नाहीतर कुणाला तरी विचारावं लागलं पाहिजे. उदाहरणार्थ आमचा पहिला क्लू असतो, "मंडई उठून गेली, मारुती मात्र जागचा हलला नाही." हा बटाट्या मारुती, शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणाजवळचा. पूर्वी भाजीबाजार तिथेच भरायचा, 1886 मध्ये मंडईची आत्ताची दगडी इमारत झाली (तेव्हाचं नाव रे मार्केट, आता महात्मा फुले मंडई) आणि बाजार तिकडे गेला, मारुती राहिला आणि नावातला बटाटाही राहिला. उपाशी विठोबासाठी, "एकादशी सगळ्यांची एका दिवसाची, ह्याची बारमाही." पोरांना हा फार आवडतो.

माझा सगळ्यात लाडका क्लू सोमवार पेठेतला. "पुण्यात साखळदंडाने बांधलेला गेंडा कुठे आहे?" उत्तर त्रिशुंड गणपती, नागझरीच्या बाजूला, 18व्या शतकातलं काळ्या दगडाचं देऊळ. दर्शनी भिंतीवर गोऱ्या शिपायांनी साखळीने बांधलेला गेंडा कोरलाय, आत गणपतीला तीन सोंडा आणि वाहन मोर. ह्या कार्डावर आम्ही पुढे लिहितो, "शिपाई मोजा." मागच्या वर्षी एक आजोबा, आमच्याच टीममधले, जन्म पुण्यातला, वय सत्तरीच्या पुढे, त्या भिंतीसमोर चष्मा पुसत उभे राहिले आणि म्हणाले, अगं मी शंभरदा इथून गेलोय गं, वर कधी बघितलंच नाही. टीमने त्यांना दहा मिनिटं हलवलं नाही. शिपाई किती ते मी इथे लिहीत नाही, जाऊन मोजा.

मंडईत बघण्याबरोबर काहीतरी आणायलाही लावायचं. मधला अष्टकोनी भाग आणि त्याला चहूबाजूंनी फुटलेले फाटे, आत गाळ्यांवर उंच बसलेल्या मावशी. कार्डावर लिहा, "टीममधल्या कुणाच्याच घरी होत नाही अशी एक पालेभाजी घ्या आणि ती कशी करायची ते विकणाऱ्या मावशींनाच विचारा." चाकवत, घोळ, करडई, माठ, काय काय येतं, आणि मावशी रेसिपी अशा सांगतात की मागे गिऱ्हाईकांची लाईन लागते, तेव्हा रविवारी शक्यतो गर्दीच्या आधी पोचा. जुडी सायकलच्या बास्केटात, म्हणजे संध्याकाळी घरी खरंच केली जाते.

खाणं वेगळा ब्रेक म्हणून ठेवू नका, क्लूमध्येच घाला. नारायण पेठेत मुंजाबाच्या बोळात बेडेकरांची मिसळ आहे, तिथे मिसळीबरोबर पाव येत नाही, ब्रेडचे स्लाईस येतात, आणि रश्श्यात गोडसर चव लागते. तर क्लू असा, "पावाशिवाय मिसळ कुठल्या बोळात?" पाटी वाचून पास नाही, खाऊन यायचं आणि गोडी कशाची वाटली ते कार्डावर लिहायचं, ह्यावरून टीममध्ये जी भांडणं होतात ती ऐकण्यासारखी असतात. तिथे रांग असते, म्हणून सगळ्या टीम एकदम पाठवू नका, प्रत्येक टीमला क्लूंचा क्रम वेगळा द्या. आणि आठ दिवस आधी कुठलं दुकान कुठल्या वारी बंद असतं ते स्वतः जाऊन बघून या, आमची एकदा अख्खी टीम बंद शटरसमोर उपाशी उभी राहिली होती.

रस्ता ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, हे मनापासून सांगते. पहिल्या वर्षी आम्ही वेळेवर मार्क ठेवले होते, जो आधी येईल तो जिंकला, आणि दोन मुलं वेळ वाचवायला वन-वेत उलटी घुसली, समोरून रिक्षा, एकाचा गुडघा चांगलाच फुटला. तेव्हापासून वेळेला शून्य मार्क. शिवाजी रोडने स्वारगेटकडे उतरायचं आणि परत शनिवारवाड्याकडे यायला बाजीराव रोड धरायचा, अशीच आखणी करा, म्हणजे वन-वे मोडायची गरजच पडत नाही. लक्ष्मी रोडसुद्धा वन-वे आहे, आणि दुकानं उघडली की तिथे सायकल हातात धरून चालावंच लागतं. सकाळी साडेसहाला सुरू करा, दहाच्या आत संपवा. सगळं मिळून साताठ किलोमीटर होतं, साधी बिनगिअरची सायकल चालते, फक्त आदल्या दिवशी हवा-ब्रेक बघा आणि दोन सायकलींमागे एक साखळी-कुलूप ठेवा. देवळाच्या दारात सायकली आडव्या लावू नका प्लीज, लोकांची तिथे रोजची ये-जा असते.

एक क्लू मात्र दरवर्षी ठेवाच, भिडेवाड्याचा. 1848 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा इथे सुरू केली. डिसेंबर 2023 मध्ये ती जुनी इमारत स्मारकासाठी पाडली, त्यामुळे आमचं कार्ड बदललं. पूर्वी लिहायचो "वाडा शोधा", आता लिहितो, "समोरच्या दुकानात विचारा की इथे काय होतं, आणि ते जे सांगतील ते जसंच्या तसं लिहून आणा." दगडूशेठला येणारी एवढी गर्दी समोरून जात असते, त्यात आपली सात-आठ मुलं एखाद्या दुकानदाराला सावित्रीबाईंबद्दल विचारतायत हे बघून मला दरवेळी भरून येतं.

शेवट सदाशिव पेठेत, निंबाळकर तालीम चौकातल्या 'सुजाता' दुकानात मस्तानी. उन्हातून आल्यावर तो दाट दुधाचा ग्लास आणि वर आईस्क्रीमचा गोळा. कार्डं तिथेच तपासायची. बक्षीस म्हणून बाकरवडीचा पुडा आम्ही देतो, आणि जिंकलेल्या टीमने पुढच्या वर्षीचे क्लू काढायचे. यंदा जिंकलेल्यांनी पाण्याची थीम घेतलीय, कात्रजच्या तलावातून पेशव्यांनी जमिनीखालून नळ आणून पेठापेठांत हौद भरले होते ना, ते हौद. त्यांची रेकी चालू झालीय, मला काहीच सांगत नाहीयेत.