पावसाआधी केबल पुरताय? आर्मर नुसता असून भागत नाही

पेरणीच्या धांदलीआधी रान मोकळं असतं, चर खणायला हीच वेळ बरी. विहिरीपासून किंवा बोअरपासून स्टार्टरच्या पेटीपर्यंत आर्मर्ड केबल (आर्मर म्हणजे तारांभोवतीचं पोलादी कवच) टाकायची असेल, तर पहिला पाऊस पडण्याआधी काम पुरं करा. ओल्या चरात केबल ओढली की उघड्या टोकातून पाणी तारांच्या पेडांत शिरतं आणि आतल्या आत लांबवर जातं. म्हणून केबल कापल्याबरोबर टोकाला कॅप घाला.

आर्मर पोलादाचा आहे म्हणून वीतभर खोलीवर केबल टाकणारे बरेच आहेत. तो उंदीर-घुशींचे दात, दगडाचा दाब, कुदळीचा निसटता घाव सोसतो. ट्रॅक्टरच्या नांगरापुढे किंवा खोदाई यंत्रापुढे त्याचा टिकाव लागत नाही. चर किमान 75 सेंटिमीटर खोल हवा. जिथे खोल नांगरट होते तिथे त्याहून खोल, किंवा सरळ बांधाच्या कडेने न्या. तळाशी वाळूचा थर, वर केबल, पुन्हा वाळू, मग विटा आणि त्यावर इशारा पट्टी. काढलेली माती खडे वेचूनच लोटा. गाडीवाट आडवी येत असेल तिथे पाइपातून न्या.

काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि केबल ताणली जाते. तिथे केबल किंचित नागमोडी टाका, दोन्ही टोकांना वेटोळं शिल्लक ठेवा. वळणाची त्रिज्या केबलच्या बाहेरच्या व्यासाच्या 12 पट धरा, म्हणजे 20 मिलिमीटरच्या केबलला 24 सेंटिमीटर. केबल ड्रम फिरवून सोडा. वेढे आडवे उचलून काढले की पीळ पडतो, आर्मरच्या पट्ट्या उकलतात.

खरं लक्ष द्यायचं ते अर्थिंगकडे. आतल्या तारेचं इन्सुलेशन गेलं आणि आर्मर अर्थिंगला जोडलेला नसेल, तर टोकापासून टोकापर्यंत आर्मरमध्ये करंट उतरतो. बाहेरचं आवरण जिथे सोललेलं असेल तिथे ओल्या रानात माणूस किंवा जनावर दगावू शकतं. त्यासाठी आर्मर धातूच्या ग्लँडमध्ये (केबल पेटीत शिरते तिथे तिला धरून ठेवणारा जोड) पक्का आवळून अर्थिंगला जोडायला हवा. पेटीला भोक पाडून केबल तशीच आत घेतलेली आणि आर्मर बाहेर कापून सोडलेला दिसला, तर ते काम परत करून घ्या.

एवढ्यावरही थांबू नका. समजा, अर्थिंगचा एकूण रोध 20 ओहम आहे. 230 व्होल्टला त्यातून जेमतेम साडेअकरा अँपिअर वाहतील. 16 अँपिअरचा फ्यूज उडणारच नाही आणि आर्मर जिवंत राहील. त्यामुळे अर्थ लीकेज ब्रेकर (जमिनीत करंट गळू लागताच पुरवठा तोडणारा) बसवाच, मग तुमची मोटार कितीही लहान असो.

जाडी ठरवताना नुसती मोटारीची एचपी बघू नका, अंतरही मोजा. 5 एचपीची थ्री-फेज मोटार साधारण 8 अँपिअर घेते. 10 चौरस मिलिमीटरच्या अॅल्युमिनियम केबलमध्ये 300 मीटरवर 10 ते 12 व्होल्ट पडतात आणि सुरू होताना करंट कितीतरी पट असतो. मुळातच व्होल्टेज कमी असेल तर एक साइज वरची घ्या.

चर बुजवण्याआधी परवानाधारक वायरमनकडून मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून घ्या, मोटार आणि स्टार्टर सोडवून. चांगल्या नव्या केबलचं रीडिंग शेकडो मेगाओम येतं. ते तारखेसह पेटीच्या झाकणावर आतून लिहून ठेवा. मधला जॉइंट टाळता येत नसेल तर त्या जागी खूण रोवा. पहिल्या पावसानंतर ब्रेकर वारंवार पडू लागला, तर त्याला बायपास करू नका. मेन बंद करून पुन्हा मेगर लावा, आणि शोध आधी जॉइंटपाशी घ्या.