सुशी रोल सुटतोय? आधी भात तपासा : या चुका टाळा

घरी केलेला पहिला सुशी रोल कापताना फिसकटला की सगळा राग बांबूच्या चटईवर निघतो. खरं तर बहुतेक वेळा गडबड तासभर आधीच, भातात झालेली असते. जपानमध्ये सुशी म्हणजे मुळात व्हिनेगर लावलेला भात. मासा त्यात असेल किंवा नसेलही.

बासमती, कोलम यांचा फडफडीत भात इथे उपयोगाचा नाही. जपानी आखूड दाण्याचा तांदूळ आणा, कोशिहिकारी मिळाला तर उत्तमच. मी शिकले ती मात्र इंद्रायणीवर. चव वेगळी येते, पण चिकटपणा आहे, सरावाला छान. तांदूळ धुण्यात घाई नको. पाणी जवळजवळ नितळ दिसेपर्यंत चार-पाच वेळा धुवा, अर्धा तास भिजवा, निथळा. जपानी तांदळाला एका वाटीला जेमतेम सव्वा वाटी पाणी पुरतं. सवयीने दुप्पट ओतलं की गिच्च गोळा होतो, आणि तो नंतर कशानेही सुधारत नाही. गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं झाकण उघडू नका.

300 ग्रॅम तांदळाला 60 मिली तांदळाचं व्हिनेगर, दोन मोठे चमचे साखर, एक छोटा चमचा मीठ. साखर विरघळेल इतपतच गरम करा, उकळू नका. हे पाणी गरम भातावरच घालायचं. गार भातात ते मुरत नाही, तळाशी साचतं. भात परातीत पसरा आणि उलथन्याची कड उभी धरून कापल्यासारखा हलवा. घोटलात तर शितं मोडतात. दुसऱ्या हाताने वारा घाला. थोड्या वेळात शितांवर तकाकी येते आणि भात हाताला कोमट लागतो, तेव्हा थांबा. लवकर गार व्हावा म्हणून फ्रिजमध्ये ठेवू नका, शितं टणक होतात.

नोरी, म्हणजे रोल गुंडाळायचं समुद्री शेवाळाचं वाळवलेलं पान, चामट लागत असेल तर ती सर्दावली आहे. पावसाळ्यात उघडं राहिलेलं पाकीट एका दिवसात मऊ पडतं. पान मंद आचेवरून दोन-तीनदा फिरवा, कुरकुरीत होईल. चकचकीत बाजू खाली, खरखरीत बाजूवर भात.

आता अळूवडीची सवय. उंडा आपण करकचून आवळतो, कारण तो पुढे वाफवायचा असतो. इथे पुढे काही शिजायचं नाही. अर्ध्या पानाला सुमारे 80 ग्रॅम भात पुरे, मधूनमधून नोरीचा काळा रंग दिसला पाहिजे. पलीकडची बोटभर पट्टी मोकळी सोडा, तिथेच रोल चिकटतो. हात व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून झटका, ओले निथळते हात नोरी भिजवतात. चटईने एकदा हलकेच दाबलं की बस्स.

सुरुवात काकडीच्या रोलने करा, बिया काढून. याला कप्पामाकी म्हणतात; जपानी लोककथांतल्या कप्पा नावाच्या जलचराला काकडी फार प्रिय! भात बाहेर असलेले रोल नंतर शिका.

माशाबाबत मात्र माझं मत ठाम आहे. बाजारातला सुरमई-रावस कितीही ताजा दिसला तरी कच्चा वापरू नका. परजीवी मरायला उणे 20 अंशांखाली सात दिवस गोठवावं लागतं, घरच्या फ्रिजरचा त्यासाठी भरवसा नाही, आणि जिवाणू त्यानेही जात नाहीत. उकडलेली कोळंबी सुंदर लागते.

कापताना सुरी दाबू नका, ओढा. दर कापाला पातं ओल्या फडक्याने पुसा. आधी मधोमध, मग दोन्ही तुकडे शेजारी ठेवून त्यांचे तीन-तीन.

वळल्यावर काही मिनिटांतच नोरी भाताचा ओलावा ओढू लागते. त्यामुळे रोल आधी करून ठेवण्यात अर्थ नाही. मंडळींना ताटावर बसवा, मग वळायला घ्या.